मूळ कारण : आजी

मी सेफ्टी ऑफिसर आहे. रोह्याच्या एमआयडीसीत, एका कंपनीत. दहा वर्षं मी लोकांना हेल्मेट घाला, गॉगल लावा, हातमोजे काढू नका असं सांगत आलोय, आणि मी पाठ फिरवली की लोक ते सगळं काढत आलेत. कंपनीत माझं कुणी ऐकत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे मुलगी झाली तेव्हा मला दुहेरी आनंद झाला. एक म्हणजे मुलगी झाली. दुसरं म्हणजे, जिथे माझं ऐकावंच लागेल अशी एक जागा अखेर तयार झाली.

बायकोचं माहेर पेणचं. बाळंतपण तिकडेच झालं आणि पहिले तीन महिने मायलेकी तिकडेच होत्या. मी दर सुट्टीला मोटारसायकलवरून जायचो. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर धूळ खायची, घामाने चिंब होऊन पेणला पोचायचं, आणि दारातच सासूबाई आडव्या यायच्या.

"जावई, जरा टेका. हातपाय धुवा. बाहेरचं वारं घेऊन आलाय. घटकाभरानं घ्या पोरीला."

आता मी कोण? सेफ्टी ऑफिसर. भिंतीवर डिप्लोमा लावलेला माणूस. मी ओट्यावर बसून त्यांना समजावून सांगायचो की वारं वगैरे काही लागत नाही, लागतात ते जंतू. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि पाण्याची बादली पुढे सरकवायच्या. सासरे आतून हसायचे. ते गणपतीच्या कारखान्यात कामाला. मूर्तीचे डोळे रेखणारा माणूस, बोलायचा कमी. मला वाटायचं, बिचारे, आयुष्यभर असल्या अंधश्रद्धेत राहिले.

तीन महिन्यांनी पोर रोह्याजवळ वरशाला, आमच्या घरी आली. तोपर्यंत मी तयारी करून ठेवली होती. सात कागद. छापलेले, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेले, दारादारांवर चिकटवलेले. बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुवा. बाळाचा मुका घेऊ नका. सर्दी-खोकला असल्यास बाहेरूनच बघा. बाळाला पाठीवरच झोपवा. मध नाही, पाणी नाही, काजळ नाही. पाळण्यात उशी नाही. सातवा कागद स्वयंपाकघरात होता आणि तो खास आईसाठी होता: घरात धूर करू नये.

कारण आई धुरीवाली. आमच्याकडे पोराला न्हाऊ घातलं की शेगडीत निखारे घ्यायचे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकायचं आणि पोराला वरून धरायचं. मलाही असंच धरलं होतं म्हणे, आणि बघ कसा टणटणीत हायस. हा आईचा पुरावा. मी म्हटलं, आई, आमच्या प्लांटमध्ये एवढा धूर झाला तर भोंगा वाजतो, सगळ्यांना बाहेर काढतात. आई म्हणाली, "मंग प्लांटात नको करू."

तिच्याशी वाद घालायचा म्हणजे डोकं भिंतीवर आपटायचं. घुटीची सहाण मी माळ्यावर टाकली. मधाची बाटली शेजारी देऊन टाकली. आई तोंडातल्या तोंडात पुटपुटली, पण ऐकलं. हात धुवायलाही शिकली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, कागदाखाली उभी राहून एक-दोन-तीन मोजायची. बघायला येणाऱ्या बायकांनाही मोजायला लावायची. एक आत्या तर "काय गो, पोर बघायला आलेय का शाळंत?" म्हणत तणतणत निघून गेली. मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

फक्त एकाच बाबतीत आई हटत नव्हती. मी पाचला सुटायचो, सव्वापाचला घरी. चप्पल काढतो न काढतो तोच ती पोरीला पदराखाली घ्यायची. "भायेरनं आलास. टेक जरा, अंगावर पाणी घे, मंग घे तिला." म्हणजे पेणचं वारं वरशालाही वाहू लागलं होतं. मी कागदाकडे बोट दाखवायचो. कागदावर वारं लिहिलंय का? नाही ना? झालं तर मग. बेसिनपाशी जायचो, कोपरापर्यंत साबण, वीस सेकंद, मोजून, आणि ओल्या हातांनी पोरीला उचलून डाव्या खांद्यावर टाकायचो. ती मान माझ्या कॉलरीत खुपसायची. दिवसभर मी त्या एका क्षणाची वाट बघायचो. खोटं कशाला सांगू? अंघोळीला पंधरा मिनिटं लागली असती आणि तेवढाही दम मला निघत नव्हता.

दुसरंही एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. युनिफॉर्म. आकाशी शर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरात सेफ्टी. कंपनीत कपडे बदलायची खोली आहे, धुलाई आहे, पण ते कामगारांसाठी, असं आम्ही ऑफिसर लोकांनी ठरवून टाकलं होतं. नाक्यावरून त्या शर्टात मोटारसायकल घेतली की चहावाला "साहेब" म्हणायचा. शर्ट बदलला की कुणी विचारत नाही.

पोर येऊन पंधरा दिवस झाले असतील. तिच्या उजव्या गालावर लाल चट्टा आला. बारीक पुरळ, खरबरीत. मग संध्याकाळची छातीत घरघर. दूध ओढताना मध्येच सोडून द्यायची आणि दम खायची. आम्ही तिला पुलापलीकडच्या अष्टमी गावात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, गाल बघितला आणि विचारलं, "घरात धूर असतो का? धूप, अगरबत्ती, शेगडी?"

मी आईकडे वळून बघितलं. ते बघणं मला आजही आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"धूळ-धुरापासून लांब ठेवा," डॉक्टर म्हणाले. "श्वास जोरजोरात घ्यायला लागली, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, दूध प्यायचं बंद केलं, तर एक मिनिट थांबू नका. सरळ घेऊन या."

आईने रिक्षातच कबूल केलं. मी कामावर गेल्यावर दोन-तीनदा तिने चिमूटभर ओवा टाकला होता, खिडकी उघडी ठेवून. घरी आल्यावर तिने स्वतः शेगडी उचलली आणि परसात नेऊन उपडी केली. मी काय केलं? मी भाषण दिलं. ट्रेनिंगमध्ये देतो तेच, फक्त समोर चाळीस कामगारांऐवजी एक म्हातारी होती.

शेगडी गेली, तरी चट्टा राहिला. घरघरही राहिली.

आता मात्र माझ्या अंगात चौकशी अधिकारी संचारला. कंपनीतून अपघात चौकशीचा कोरा फॉर्म आणला. घटना, ठिकाण, साक्षीदार, मूळ कारण, उपाययोजना. फॉर्म फ्रिजवर लावला, शेजारी कॅलेंडर. चट्टा दिसला की लाल ठिपका, घरघर झाली की निळा. एकेक संशयित बाद करत गेलो. खोबरेल तेल बंद. मसूरडाळीचं पीठ बंद. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी मी उचलून ट्रंकेत टाकली, तेव्हा बायको रडली. म्हणाली, "अहो, माझ्या आईच्या साडीनं पोरीला काय होणारेय?" मी म्हटलं, चौकशीत भावनेला जागा नसते. असली वाक्यं बोलणाऱ्या माणसाला बायकोने लाटण्याने कसं मारलं नाही, याचं मला नवल वाटतं.

महिनाभराने कॅलेंडर बोलायला लागलं. माझ्या सुट्टीच्या दिवसाच्या चौकटी कोऱ्या. ना लाल, ना निळा. मी डोकं खाजवलं आणि लख्ख उजेड पडला. माझ्या सुट्टीला मी घरी असतो म्हणून आई सकाळीच गावाकडे जाते, शेतावर चक्कर मारायला. संध्याकाळी उशिरा येते. म्हणजे आई नाही, त्या दिवशी ठिपका नाही! मग पडताळा म्हणून मायलेकींना चार दिवस पेणला पाठवलं. तिकडून बायकोने फोटो पाठवला. गाल कसा स्वच्छ, गुळगुळीत. "छाती मोकळी आहे," तिने लिहिलं.

मी फॉर्म पुरा केला. मूळ कारण या रकान्यात एकच शब्द लिहिला: आजी. खाली सही केली, तारीख घातली. मला इतकं समाधान वाटलं की मी स्वतःच चहा करून घेतला.

आई भाजी ठेवायला फ्रिजपाशी गेली. बराच वेळ ती तिथेच उभी. चष्मा नव्हता, म्हणून अक्षरं जुळवत वाचत होती.

"मूळ कारन आजी. म्हंजे मी?"

मी म्हटलं, आई, असं मनाला लावून घेऊ नको, हे शास्त्र आहे. तुझ्या कपड्यांत, केसांत धुराचा, चुलीचा अंश राहत असेल. थोडे दिवस तू पोरीला घेऊ नको, एवढंच.

"बरं," म्हणाली. भांडली नाही. आई भांडली नाही की मी सावध व्हायला हवं होतं, पण मी अहवाल पूर्ण झाल्याच्या धुंदीत होतो. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर घराला कुलूप. शेजारणीकडे चावी आणि निरोप: गावी चाललेय, पोर बरी झाली की कळव.

दोन दिवसांनी बायको आणि पोर आल्या. बाळाचं करायला आता घरात दुसरं कुणी नाही, म्हणून सोबत सासूबाई आल्या. त्यांनी फ्रिजवरचा कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी सव्वापाचला मी दारात, तर त्याही दारात.

"जावई, अंघोळ."

मी हसलो. आता त्यांना कोण समजावणार? त्यांना वळसा घालून बेसिनपाशी गेलो. वीस सेकंद. इतक्या दिवसांनी पोर हातात मिळत होती. तिनेही मला ओळखलं, बोळकं पसरून हसली, आणि धरली की मान कॉलरीत.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी गाल लालसर. मी फ्रिजसमोर उभा राहिलो. आई तर गावी. शेगडी परसात उपडी. मग हे काय? मी स्वतःची समजूत घातली की जुना अंश गादीत राहिला असेल. गादी उन्हात टाकली. हुशार माणसाला स्वतःचं खरं करायला कारणं कमी पडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या खांद्यावरच झोपली. तासभर. उठवायला नको म्हणून मी खोलीत येरझारा घालत राहिलो, नाक तिचं माझ्या कॉलरीला चिकटलेलं. सव्वासहाला खाली ठेवली आणि बायको ओरडली. पोरीच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती. मानेखाली खळगा पडत होता. छाती शिटी वाजावी तशी वाजत होती. दूध तोंडाला लावलं तर तोंड फिरवलं.

रिक्षा कुणी आणली, मला आठवत नाही. पूल आठवतो, कारण पुलावर गाड्या अडकल्या होत्या आणि मी खाली उतरून लोकांच्या बोनेटवर हात आपटत होतो. पाठीवर सेफ्टी. पोर सासूबाईंच्या मांडीवर होती आणि मी मनात एकच म्हणत होतो, देवा, एवढी वाचव. देवाचंही माझ्या सात कागदांत कुठे नाव नव्हतं.

डॉक्टरांनी लगेच मास्क लावून वाफ दिली. बघता बघता तासभर गेला. हळूहळू बरगड्या ओढायच्या थांबल्या. ती रडली, चांगली खणखणीत, आणि तिच्यासोबत मीही रडलो. लाज वाटली नाही.

बायकोने तिला माझ्याकडे द्यायला हात पुढे केले, तशा सासूबाई मध्ये आल्या. त्यांनी माझी कॉलर पकडली. जावयाची कॉलर! नाकाशी नेली आणि सोडली.

"हा वास कसला हो?"

"कसला वास?" मी म्हटलं. मला काही येत नव्हता.

"उग्र. नाकात जातो. काल पोरीच्या डोक्याला हाच येत होता. मला वाटलं, साबणाचा हाय."

दहा वर्षं पावडर प्लांटमध्ये फेऱ्या मारणाऱ्या माणसाला तो वास कुठून येणार? आमच्या प्लांटमध्ये बनणारी, कापड रंगवायच्या मालात पडणारी ती पांढुरकी पावडर. हवेत उडते, शर्टावर बसते, दिसतसुद्धा नाही. डॉक्टरांनी माझ्या युनिफॉर्मकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"हे कपडे घरी घालून येता?"

"हो."

"बाळाला घेता तेव्हाही हेच?"

"हात धुतो," मी म्हटलं. "वीस सेकंद."

डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. मी पोरीला कुठल्या खांद्यावर घेतो ते त्यांनी विचारलं, तिचा उजवा गाल दाखवला, मग माझा डावा खांदा. दोन्ही जुळवून बघायला डिप्लोमा लागत नव्हता. सुट्टीच्या दिवशी मी घरच्या बनियनवर असतो. पेणला ती असते तेव्हा मी तिथे नसतोच, आणि गेलो तर सासूबाई धुतल्याशिवाय हात लावू देत नाहीत. माझं कॅलेंडर महिनाभर माझ्याच नावाने बोंब मारत होतं आणि मी ते आईच्या नावावर खपवलं होतं.

"आमचे हे गणपतीच्या कारखान्यातून यायचे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे," सासूबाई बायकोला सांगत होत्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. "मागल्या दारानं यायचे. कपडे भायेर, अंगावर पाणी, मगच पोरांना हात. त्याला आम्ही वारंच म्हणायचो. दुसरं काय म्हणायचं?"

कंपनीत, कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर एक पाटी आहे. कामाचे कपडे घरी नेऊ नका, घरी लहान मुलं आहेत. मजकूर माझा. वर्षातून एकदा चाळीस जणांची त्याखाली सही घेतो. सगळ्यात वर माझी.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गावी गेलो. आई पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून उठली, आणि तिच्या तोंडचा रंगच उडाला.

"पोर बरी हाय ना?"

"बरी आहे."

"मंग रे?"

मी सगळं सांगितलं. शर्ट, पावडर, गाल, खांदा. रिक्षा आणि वाफसुद्धा. काही लपवलं नाही. वाटलं, आता ही मला फाडून खाणार, आणि खावंच. तिने शेंगांचं सूप बाजूला केलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "धुरी मी केली व्हती रे. ते बी खोटं नाय." एवढंच. मी तिचे पाय धरले तर म्हणाली, "उठ, शेंगा सांडशील."

तिला मोटारसायकलवर मागे बसवून घरी आणली. फॉर्म फाडून टाकला. साती कागद काढले. आता मी कंपनीतच अंघोळ करतो, कपडे तिथेच धुलाईला टाकतो, आणि साध्या शर्टात नाक्यावरून येतो. चहावाला साहेब म्हणत नाही. मागच्या दाराने घरात शिरतो, पुन्हा हातपाय धुतो, आणि घटकाभर टेकतो. पोर हात पसरून किंचाळते, तरी टेकतो. गाल आता दोन्ही सारखे आहेत.

आई पूर्वीसारखीच सगळं करते. न्हाऊ घालते, अंगाई म्हणते. फक्त पोरीला घेण्याआधी बेसिनपाशी जाते, जिथे कागद होता त्या रिकाम्या भिंतीखाली उभी राहते, वीसपर्यंत मोठ्याने मोजते, ओले हात पुढे धरून माझ्यासमोर येते आणि विचारते, "घेऊ का रे?"

मी तिला कितीदा सांगितलं, आई, विचारू नको गं. ती "बरं" म्हणते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.